प्रतिसाद: बारावी आणि क्लॅट एकाच वर्षी
आपली मुलगी बारावीला आहे आणि तिला क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षाही द्यायची आहे, तर दोन्ही जमेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या पुतणीने दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात राहूनच हे केले, म्हणून लिहितो. क्लॅट डिसेंबरात आणि बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत असल्यामुळे दिवाळीपर्यंत बोर्डाचा निम्म्याहून अधिक अभ्यास हातावेगळा व्हायलाच हवा, नाहीतर ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत घरचे काम, प्रात्यक्षिकांच्या वह्या आणि सराव परीक्षा एकदमच अंगावर येतात. क्लॅटमध्ये १२० मिनिटांत इंग्रजी उतारे वाचून १२० प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तराला ०.२५ गुण कापले जातात. मराठी माध्यमाच्या मुलांची खरी अडचण कायदा नसून वाचनाचा वेग ही आहे, असे माझे ठाम मत आहे. पुतणी रोज एसटीत एक इंग्रजी अग्रलेख वाचायची आणि लागलेली मिनिटे समासात पेन्सिलीने लिहायची. जूनमध्ये १४ लागत, नोव्हेंबरात ६. राज्याची पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची विधी सीईटी मात्र मराठीतूनही देता येते आणि तिच्यात गुण कापले जात नाहीत, म्हणून तिचाही अर्ज अवश्य भरावा.