मदत हवी आहे: पोर्ट उघडलं, तरी पुण्यातून कॅमेरा दिसेना

मंडळी, रावेरला घरामागे गोडाऊन आहे, ठिबकच्या नळ्या आणि खतं ठेवतो. तिथे चार कॅमेरे आणि डीव्हीआर (त्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) बसवला. घरच्या वायफायवर झकास दिसतं, पुण्याहून उघडलं की नुसतं चक्र फिरतं. गावी येऊन राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी डीव्हीआरकडे वळवली. उपयोग शून्य.

मग लक्षात आलं, राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरला नेटवाल्यांकडून मिळालेला पत्ता) १००.७२ ने सुरू होतो आणि आयपी दाखवणाऱ्या साइटवर भलताच, १०३ वाला. १००.६४ ते १००.१२७ ही पट्टी सीजीनॅटची, म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटलेला. मी घराचं दार उघडून काय उपयोग, गल्लीचं फाटक नेटवाल्यांकडे! नेटवाले भाऊ म्हणतात, "राउटर बंद-चालू करा." ते काम लाईटच करते, दिवसातून तीनदा. आकडे बदलतात, सुरुवात १०० नेच.

आता दरमहा पैसे भरून स्टॅटिक आयपी (फक्त आपला, न बदलणारा पब्लिक पत्ता) घ्यावा का? राउटरला आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता, तो असा वाटून घ्यावा लागत नाही) मिळालाय, पण जुन्या डीव्हीआरमध्ये तो पर्यायच नाही. घरी एक जुना लॅपटॉप पडून आहे, त्यावर टेलस्केल (पोर्ट न उघडता लांबची यंत्रं आपसात जोडणारं सॉफ्टवेअर) टाकून कुणी असं चालवलंय का? लाईट आल्यावर आपोआप सुरू व्हायला हवं, वडिलांना यातलं काही करायला लावायचं नाही.