तारखा जुळत नाहीत म्हणून अर्ज सोडू नका

आजीच्या जन्मदाखल्यात 'ओ'सलिव्हन', लग्नाच्या दाखल्यात नुसतं 'सलिव्हन', आणि वयात दोन वर्षांचा फरक, म्हणून तुम्ही आजीच्या नात्याने मिळणाऱ्या आयरिश नागरिकत्वाचा नाद सोडताय, हे वाचून राहवलं नाही. असा घोळ आयर्लंडच्या जुन्या कागदांत घरोघरी सापडतो. आडनावाआधीचा 'ओ' कधी लावत, कधी गाळत. जन्माची नोंद उशिरा करणाऱ्याला दंड होता, म्हणून पालक तारीख पुढे ढकलून सांगत. त्यामुळे बाप्तिस्मा (चर्चमधला बाळाचा नामकरणविधी) जन्माच्या आधीचा दिसतो!

सरकारी जन्मनोंद 1864पासून आहे. आधी आयरिश जीनिऑलॉजी या वंशावळीच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट शोधा, आडनावाची सगळी रूपं घालून. नोंद मिळालीच नाही, तर जनरल रजिस्टर ऑफिसकडून, म्हणजे आयर्लंडच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाकडून, तसं पत्र घ्या आणि चर्चचा बाप्तिस्म्याचा दाखला जोडा. 1901 आणि 1911ची जनगणना शाबूत आहे, तीही फुकट बघता येते. आईवडील, भावंडं तीच निघाली तर माणूस तोच, हे दाखवायला तिचा फार उपयोग होतो.

एक मात्र लक्षात घ्या. परदेशी जन्मनोंदवहीत, म्हणजे आयर्लंडबाहेर जन्मलेल्या वंशजांच्या सरकारी नोंदवहीत, नाव चढतं त्या दिवसापासूनच तुम्ही नागरिक. त्याआधी जन्मलेल्या तुमच्या मुलांना तुमच्यामुळे हक्क मिळत नाही. घरात पाळणा हलणार असेल तर आजच अर्जाला लागा.