मदत हवी आहे: मुरवलेल्या स्टाउट बिअरला सोया सॉसची चव

मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

तळघरात कडक, गडद एल बिअर मुरत ठेवल्या आहेत: बार्लीवाइन, इम्पिरियल स्टाउट आणि थोड्या बेल्जियन. त्यांत रोशफोर १० (११.३ टक्के अल्कोहोल) आहे. बाकीच्याही ९ टक्क्यांच्या वरच्याच. उजेड अजिबात नाही, बाटल्या उभ्या. अडचण तापमानाची आहे. थंडीत काटा १२ अंशांवर असतो, उन्हाळ्यात २३ पर्यंत चढतो.

परवा जुनी स्टाउट उघडली. फेस बदामी आला, पण लगेच बसला. वास मनुका-खजुराचा, तो तर हवाच होता. घोट घेतल्यावर मात्र मागे खारट, सोया सॉससारखं काहीतरी रेंगाळत राहिलं. तळाशी गाळही बराच होता. हवा लागून बिघडलेल्या बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते, छान मुरली तर शेरी वाइनची. ही दोन्हींतली नाही, म्हणून माझा संशय बाटलीतल्या यीस्टवर आहे.

उरलेल्या सगळ्या फ्रिजमध्ये हलवू का? आणि बूचवाल्या वाइनसारख्या आडव्या ठेवायच्या का? ('पिऊन टाक एकदाच्या' हा सल्ला घरातून मिळून चुकलाय.)

प्रतिसाद १

संशय बरोबर वाटतो. मेलेल्या यीस्टच्या पेशी फुटल्या की आतला ऐवज बिअरमध्ये उतरतो आणि अशी खारट, रश्शासारखी चव येते. दारूचा अंश जास्त, वर उष्णता, म्हणजे यीस्टची दुहेरी परीक्षा. त्याच बॅचची दुसरी बाटली आठवडाभर फ्रिजमध्ये उभी ठेवा, मग एका हाती अलगद ओता, तळचं बोटभर बाटलीतच राहू द्या. तरीही ग्लासात सोया लागला तर त्या बॅचची वाट पाहण्यात अर्थ नाही. घरचं ऐका.

बाकीच्यांना १० ते १३ अंश उत्तम. फ्रिजमध्ये बिघडत काही नाही, पण मुरणंही फार मंदावतं. थंडीने धूसर दिसली तर घाबरू नका, ग्लासात कोमट होताना निवळते. मी असतो तर उन्हाळ्यापुरत्या फ्रिजमध्ये नेल्या असत्या.

बूचवाल्यासुद्धा उभ्याच ठेवा. गाळ तळाशी बसतो आणि आतल्या हवेला बिअरचा कमी पृष्ठभाग लागतो.

कॉफी घातलेली स्टाउट असेल तर ती मुरवू नका. कॉफीचा वास उडतो, कधी कधी ढोबळ्या मिरचीसारखा होतो.

धागाकर्ता

आभार! एक बाटली आजच फ्रिजमध्ये उभी केली. कॉफीवालीही निघाली एक, ती या शनिवारी संपवतो. दोन बाटल्यांच्या झाकणावर मेण आहे. त्याने हवा खरंच अडते का?

प्रतिसाद २

मेणाला तडा नसेल तर थोडीफार अडते. पण भरताना आत राहिलेल्या हवेला मेण काय करणार? तापमानाकडेच बघा.