वायरलेस सायकल कॉम्प्युटर: मध्येच शून्य, मध्येच सत्तर

प्रेषक: सभासद, सध्या मुक्काम कोथरूड

मंडळी, सप्रेम नमस्कार.

हिवाळ्यात आपल्यातले बरेच जण परदेशातून पुण्याला येतात आणि इथे ठेवलेल्या सायकली बाहेर काढतात, म्हणून प्रश्न सगळ्यांनाच पाठवतोय. सायकल हायब्रिड, टायर ७००×३५, डिस्क ब्रेक. कॉम्प्युटर (हँडलवरचा, वेग आणि अंतर दाखवणारा) साधा वायरलेस आहे, जीपीएस नाही. फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर) सेन्सर आणि स्पोकवर चुंबक. पावसाळाभर सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये होती.

आता सकाळी स्पीड बहुतेक वेळ शून्य असतो, मध्येच दोन-चार सेकंद आकडा येतो आणि जातो. संध्याकाळी हँडलवरचा दिवा लावला की सायकल उभी असतानाही ६०-७० दाखवतो. सेन्सरमध्ये तिकडून आणलेला कोरा सेल घातला, फरक नाही. डिस्प्ले ठळक आहे. दुकानदार म्हणतो नवीन घ्या. त्याआधी काय तपासावं?

———

प्रेषक: मंडळाचा सायकल गट

काका, नमस्कार. नवीन घेऊ नका. तुम्ही लिहिलेले बिघाड दोन आहेत आणि त्यांची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे एकाच वेळी दोन्हीच्या मागे लागू नका. दिवा बंद ठेवून आधी शून्याचं बघू. दिव्याबद्दल टोरोंटोच्या ताई लिहितील, इलेक्ट्रॉनिक्स हा त्यांचा रोजचा विषय आहे.

सेन्सर फोर्कवरून सोडवा आणि चुंबक स्पोकवरून काढा. कॉम्प्युटर माउंटवर बसवून एकदा बटण दाबा. बरीच मॉडेलं काही मिनिटं सिग्नल नसला की झोपतात आणि मग बटण दाबेपर्यंत सेन्सरकडे लक्षच देत नाहीत. आता सेन्सर कॉम्प्युटरपासून वीतभर अंतरावर धरा आणि सेन्सरवर जी रेघ किंवा खूण असते तिच्यासमोरून चुंबक सेकंदाला दोन-तीनदा जाईल असा हलवा. कॉम्प्युटर फेऱ्यांना टायरच्या परीघाने गुणून स्पीड काढतो; तुमच्या टायरचा परीघ साधारण २१६८ मिमी धरला, तर स्पीड १५ ते २३ किमीच्या मध्ये यायला हवा.

आकडा आला आणि सेन्सरला टिचकी मारूनही टिकला तर सेल, सेन्सरमधला स्विच आणि कॉम्प्युटरमधला रिसीव्हर तिन्ही ठीक आहेत, दोष बसवण्यात आहे. नाही आला तर फोर्ककडे बघूच नका, सेल आणि आतल्या पट्ट्या तपासा. हे न करता लोक आधी सेल बदलतात, मग सेन्सर सरकवतात, मग सेटिंग पुसतात, आणि शेवटी नेमकं काय बिघडलं होतं ते कळतच नाही.

सेन्सरच्या आत रीड स्विच असतो. काचेची बारीक नळी आणि तिच्यात एकमेकींना न टेकणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्या. चुंबक समोरून गेलं की पट्ट्या क्षणभर चिकटतात, एक पल्स (क्षणिक सिग्नल) जातो. ताशी २० किमीला तुमचं चाक सेकंदाला अडीच फेरे घेतं, म्हणजे चुंबकाला दर फेऱ्यात अगदी थोडा वेळ मिळतो. चुंबक आणि सेन्सर यांतली फट जास्त असली की पट्ट्या कधी चिकटतात, कधी नाही. निम्मे पल्स हुकले तर स्पीड निम्मा दिसतो, सगळे हुकले तर शून्य.

ही फट ५ मिमीपेक्षा जास्त नको. मोजायला ५ मिमीची ॲलन की (षटकोनी पाना) हे उत्तम माप आहे. चुंबक सेन्सरसमोर आणून मध्ये की घाला. ती अडकत-अडकत जायला हवी. सैल हलत असेल तर फट मोठी आहे. फट फार कमी, २ मिमीच्या आत, हेही बरं नाही. चुंबकाच्या क्षेत्राला बाजूचे कमजोर पट्टेही असतात, जास्त जवळ आल्यावर तेही स्विचच्या पट्ट्या चिकटवतात आणि एका फेऱ्यात दोन पल्स जातात. दुप्पट स्पीड दाखवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये बहुधा हेच झालेलं असतं.

आता मुख्य मुद्दा. स्पोक हबपाशी (चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी) बाहेरच्या बाजूला असतात आणि रिमकडे जाताना चाकाच्या मधोमध येतात. म्हणून सेन्सर फोर्कवर जितका वर, तितकी स्पोकपासून फट जास्त. जितका खाली, तितकी कमी. खाली आणखी एक फायदा: हबजवळ चुंबकाचा वेग कमी असतो, त्यामुळे स्विचच्या पट्ट्यांना चिकटायला जास्त वेळ मिळतो. चांदणी चौकातून उतारावर सुटल्यावर स्पीड गायब होत असेल तर सेन्सर खाली घेणं हा पहिला उपाय. पण खाली नेल्यावर कॉम्प्युटरपासूनचं अंतर वाढतं, आणि या जातीच्या कॉम्प्युटरची पोच ६० ते ७० सेंमीच असते. हँडल उंच असेल किंवा शॉकअपचा फोर्क असेल तर ही मर्यादा लगेच गाठली जाते. टेपने सेन्सर ते कॉम्प्युटर सरळ रेषेत मोजा. ५५ च्या आत बसवता आलं तर निश्चिंत राहाल.

तुमच्या सायकलीवर डिस्क ब्रेकचा कॅलिपर (डिस्क आवळणारा भाग) फोर्कच्या डाव्या पायाला असणार. सेन्सर उजवीकडे घ्या, तिथे जागा मोकळी मिळते आणि डिस्कमुळे स्पोक आत ढकललेले नसतात, फटही लहान राहते. केबल टाय बांधताना खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. नाहीतर खड्ड्यांत सेन्सर गोल फिरतो, तोंड स्पोककडून वळतं आणि पुन्हा शून्य. चुंबकाचा स्क्रू पावसाळ्यात गंजून सैल होतो, तोही बघा. चुंबक स्पोकवर बोटभर जरी सरकलं तरी खुणेसमोरून जात नाही.

———

प्रेषक: सभासद, टोरोंटो

काका, "तिकडून आणलेला कोरा सेल" यावर माझा पहिला संशय आहे.

लहान मुलांनी गिळू नये म्हणून इकडच्या काही बटण सेलवर कडू लेप दिलेला असतो. कारण अगदी रास्त आहे: २० मिमीचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजतं. घरात नातवंडं असतील तर जुने सेलही उघड्यावर ठेवू नका, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून टाका. पण हा लेप काही यंत्रांत संपर्क होऊ देत नाही. एअरटॅगच्या बाबतीत ॲपलनेही असे लेप असलेले सेल कदाचित चालणार नाहीत अशी सूचना दिलेली आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सेल दोन्ही बाजूंनी नीट पुसा, किंवा इथलाच बिनलेपाचा घ्या.

घेताना सीआर२०३२ च मागा. दुकानात तो नसला तर सीआर२०२५ पुढे केला जातो, "तीन व्होल्टच आहे, चालेल". व्होल्ट तेवढेच, पण जाडी ३.२ ऐवजी २.५ मिमी. सेन्सरमध्ये तो सैल बसतो, पार्किंगमध्ये चालतो आणि पहिल्या गतिरोधकावर संपर्क तुटतो. चार्ज होणारा एलआयआर२०३२ अजिबात नको, पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो.

नुसता मल्टिमीटर लावून सेल चांगला ठरवू नका. थकलेला सेलही मोकळा असताना तीन व्होल्ट दाखवतो. १ किलोओहमचा रेझिस्टर सेलच्या दोन टोकांना पाच-दहा सेकंद धरा आणि तेव्हा मोजा. २.९ च्या वर टिकला तर उत्तम, २.८ च्या खाली घसरला तर बदला. तपकीर गल्लीत रेझिस्टर सुटा मिळतो. थंडीत सेलचा आतला रोध वाढतो, म्हणून इथे जानेवारीत बंद पडलेला सेन्सर पुण्याला नेल्यावर आपोआप चालू होतो. त्याने फसू नका, तो सेल शेवटाला आलेलाच असतो.

झाकण उघडल्यावर आतली पट्टी बघा. हिरवट-पांढरा थर असेल तर पेन्सिलच्या खोडरबराने घासा, अल्कोहोलने पुसा आणि पट्टी टूथपिकने किंचित वर उचला. झाकणाच्या ओ-रिंगला (रबरी कड्याला) सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात द्या. व्हॅसलीन नको, काही जातीचं रबर त्याने फुगतं आणि झाकण नीट बसत नाही. वॉशिंग सेंटरमध्ये प्रेशरने धुवायला देताना सेन्सर काढून ठेवा. पाऊस झेलणारी रिंग त्या झोताला टिकत नाही.

आता दिवा. तुमचा सेन्सर किलोहर्ट्झमधल्या फार खालच्या फ्रिक्वेन्सीवर, चुंबकीय क्षेत्रातून पल्स पाठवतो. पल्स साधा असतो, त्यावर "मी अमक्याचा सेन्सर" अशी काही ओळख नसते. एलईडी दिव्यातलं ड्रायव्हर सर्किट करंट सतत चालू-बंद करतं, आणि स्वस्त दिव्यांत त्याचा गोंगाट बाहेर येतो. रिसीव्हर तो गोंगाट चाकाचे पल्स समजून मोजतो. म्हणून उभ्या सायकलीला ७०. सायकल स्टँडवर लावा आणि दिव्याचे सगळे मोड एकेक करून बघा. पुष्कळ दिवे पूर्ण प्रकाशाला गप्प असतात आणि मंद किंवा फ्लॅशवरच त्रास देतात, कारण प्रकाश कमी करायला करंट तुकड्या-तुकड्याने दिला जातो.

उपाय अंतराचा. असं क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होतं: दिवा ८ सेंमीवरून १६ वर नेला तर गोंगाट एक-अष्टमांश. हँडलच्या दुसऱ्या टोकाला किंवा हँडलच्या खाली उलटा लावा. हाच हिशोब सेन्सरलाही लागू आहे: अंतर ६० चं ५० सेंमी केलं की सिग्नल जवळजवळ पावणेदोनपट. पॉवर बँकेवर चार्ज होणारा फोन हँडलवर असेल तर तोही दिव्यासारखाच तपासा.

आणि एकाच ठिकाणी आकडा उडून पुढे शंभर मीटरवर ठीक होत असेल, उदाहरणार्थ रेल्वे फाटकापाशी किंवा उच्च दाबाच्या तारांखाली, तर काही दुरुस्त करू नका. मॅन्युअलमध्ये या जागा दिलेल्याच असतात.

———

प्रेषक: सभासद, सध्या मुक्काम कोथरूड

दोघांचेही मनापासून आभार. हातात धरून आकडा येतो, पण सेन्सरला टिचकी मारल्यावर जातो. आत सीआर२०२५ निघाला. ॲलन की फटीत सैल जाते. दिवा फक्त मंद मोडवर त्रास देतो. उद्या नाना पेठेतून केबल टाय आणि सेल आणतो. डिस्प्लेचाही सेल बदलून टाकू का?

———

प्रेषक: मंडळाचा सायकल गट

काका, आकडे ठळक आहेत तोवर डिस्प्लेचा सेल राहू द्या. बदलाल तेव्हा आधी ओडोमीटर (आजवरचे एकूण किमी) आणि कॉम्प्युटरमध्ये भरलेला परीघ कागदावर लिहून ठेवा. बऱ्याच मॉडेलांत दोन्ही पुसले जातात, काहींतच ओडोमीटर पुन्हा भरता येतो.

परीघ आत्ताच तपासा. कोणी ७००×२५ चा २१०५ भरून ठेवला असेल तर तुमच्या ३५ च्या टायरवर ४० किमीची फेरी ३८.८ दिसेल. तक्त्यापेक्षा मोजलेलं चांगलं: नेहमीइतकी हवा भरा, व्हॉल्व्ह अगदी खाली आणून फरशीवर खडूची रेघ ओढा, वर बसा, कोणाला तरी धरायला सांगा आणि तीन फेरे सरळ जा. स्टीलच्या टेपने मोजून तीनने भागा. बसल्यावर टायर दबतो, म्हणून मोकळी सायकल ढकलून मोजलेला आकडा थोडा जास्त येतो.

———

प्रेषक: सभासद, बाणेर

याच धाग्यात विचारते. माझा सेन्सर बिनचुंबकाचा, हबवर रबराने बांधलेला, जीपीएस कॉम्प्युटरला जोडलेला. घरी सापडतो, ग्रुप निघताना सापडत नाही. वरचं यातलं काय लागू होतं?

———

प्रेषक: सभासद, टोरोंटो

फट आणि दिवा यांतलं काही नाही. तुमचा सेन्सर २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो आणि प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे शेजारच्याचे पल्स तुमच्याकडे येत नाहीत. तुमच्याकडे बहुधा फोन आडवा येतोय. ब्लूटूथवर अनेक सेन्सर एका वेळी एकालाच धरतात. निघताना फोनवर राइडचं ॲप उघडलं की सेन्सर फोनचा होतो. ॲपमधून सेन्सर काढा, फोनच्या ब्लूटूथ यादीतूनही विसरायला सांगा, आणि कॉम्प्युटरवर तो अँट प्लस (ब्लूटूथसारखीच सेन्सर जोडायची दुसरी पद्धत) म्हणून जोडा. अँट प्लस एकाच वेळी कितीही यंत्रांना ऐकू येतं.

जोडणी घरीच करा, ग्रुपमध्ये नको. तिथे यादीत दहा सेन्सर दिसतात आणि चुकीचा निवडला जातो. चाक फिरवून सेन्सर जागा करा, मगच शोधा. तरी नाही सापडला तर सेल काढून अर्धा मिनिट थांबा आणि परत घाला. हबवरचं रबर घट्ट हवं, कारण हा सेन्सर स्वतःच्या फिरण्यावरूनच मोजतो. सैल होऊन जागच्या जागी लटकला तर चाक फिरूनही शून्य. सेल मात्र तोच, सीआर२०३२, आणि जाडी बघूनच घ्या.