मदत हवी आहे: चुलत्यांच्या उपचाराची कोर्टात हमी मी द्यावी का?

गाव केज तालुक्यात, जिल्हा बीड. चुलत्यांना स्किझोफ्रेनिया आहे, आठ वर्षं गोळ्या चालू होत्या. सोयाबीन काढणीच्या गडबडीत त्या बंद पडल्या. 'आता बरे दिसायलेत' म्हणून आम्हीच लक्ष दिलं नाही, ही चूक आमची. दसऱ्याच्या तोंडावर त्यांनी शेजारच्या शेतकऱ्याच्या डोक्यात टिकावाचा दांडा घातला. तो आपल्या विहिरीत औषध टाकतो, असं दोन दिवस म्हणत होते. माणूस वाचला. चुलते जेलात.

वकीलसाहेबांनी अर्ज केला, कोर्टानं तपासणी करवली. डॉक्टरांचा अहवाल: सध्या खटला समजण्याच्या स्थितीत नाहीत, पण भरती ठेवायची गरज नाही. खटला थांबलाय. वकील म्हणतात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६९ प्रमाणे, गुन्हा अजामीनपात्र असला तरी नातेवाइकानं हमी दिली तर सोडतात. जवळच्या दवाखान्यात नियमित उपचार करायचे आणि कुणाला, त्यांना स्वतःलाही, इजा होऊ द्यायची नाही. पहिलं जमेल, अंबाजोगाई जवळच आहे. दुसऱ्याची हमी कशी द्यायची? मी दिवसभर शाळेवर. चुलतभाऊ पुण्याला. काकू म्हणते, "लेकरा, तूच सही कर."

काही झालं तर मी जेलात जाणार का? आणि गाव म्हणायलंय, 'वेड्याचं सोंग घेऊन सुटला'. खरंच सुटणार का?

उत्तर १
सर, नुसत्या हमीमुळे त्यांचा गुन्हा तुमच्या नावावर येत नाही. अट मोडली तर बंधपत्राची, म्हणजे हमीच्या कागदावर लिहिलेली, रक्कम का वसूल करू नये, अशी नोटीस येते. म्हणून रक्कम किती, हे सहीआधी वाचा.

गाव दोन गोष्टी एक करतंय. आज खटला समजत नाही म्हणून तो थांबला. समजायला लागलं की पुन्हा चालू होणार. मारलं त्या दिवशी कळत होतं का, हा वेगळा प्रश्न. आजारामुळे कळतच नव्हतं तर गुन्हा धरत नाहीत, हे भारतीय न्याय संहितेचं कलम २२. ते आपल्याला शाबीत करावं लागतं, नुसता आजार असून भागत नाही. निर्दोष ठरले तरी सरळ घरी नाही: कोर्ट सुरक्षित ताब्यात ठेवतं किंवा हमीवर नातेवाइकाकडे देतं.

जुने केसपेपर, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, सगळं गोळा करा. वकिलाची फी झेपत नसेल तर १५१०० या कायदेशीर मदतीच्या नंबरला फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो.

उत्तर २
गोळ्या कोण देणार ते आधी ठरवा, सही मग. आमच्या आत्याच्या वेळी भाकरीसोबत गोळी द्यायची आणि तोंड उघडून बघायचं, असं सूनबाईनं केलं. रात्री-अपरात्री बिघडलं तर १४४१६ ला, सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावा. टिकाव, कोयता, फवारणीची औषधं कुलपात.

धागाकर्ता
काकू फाईल शोधायलीय, पत्र्याच्या पेटीत २०१९ पर्यंतचे कागद सापडले. तारीख सोमवारी. त्याआधी शेजाऱ्यांच्या घरी जाऊन येतो. दारात उभं करतील की नाही, माहीत नाही.