मराठी विकिपीडियावर खरोखर सक्रिय माणसे किती, हे कसे मोजावे?

वाचनालयवाला (प्रश्न)

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कोणीतरी आपल्या छंदाविषयी अर्धा तास बोलते. टपाल तिकिटे, निवडुंग, जुनी नाणी असे होत होत या वेळी पाळी माझ्यावर आली आहे. गेली दोन वर्षे मी फावल्या वेळात मराठी विकिपीडियावर आमच्या भागातील नद्या, घाट आणि देवळे यांच्या लेखांत थोडीफार भर घालत असतो, म्हणून तोच विषय घेतला आहे. श्रोत्यांत निवृत्त शिक्षक आणि बँकेतील मंडळी जास्त असतात, त्यामुळे पहिला प्रश्न ‘हे काम करतात तरी किती जण?’ हाच येणार, यात मला शंका नाही.

अडचण अशी की या प्रश्नाची तीन उत्तरे माझ्यासमोर आहेत आणि तिन्हींचा एकमेकांशी मेळ बसत नाही. सांख्यिकीचे पान उघडले तर नोंदणीकृत सदस्य लाखाहून अधिक दिसतात. त्याच पानावर ‘सक्रिय सदस्य’ या नावाखाली जेमतेम काही शेकड्यांचा आकडा दिसतो. आणि रात्री जेवणानंतर मी ‘अलीकडील बदल’ उघडतो तेव्हा फिरून फिरून तीच दहा-बारा नावे समोर येतात. यांपैकी कोणता आकडा प्रामाणिक म्हणावा? मला संगणकाचा प्रोग्राम लिहिता येत नाही, त्यामुळे वही-पेन्सिलीने जमेल अशी एखादी रीत असल्यास कृपया सुचवावी.

जुना_संपादक

लाखाचा आकडा भाषणात चुकूनही वापरू नका. विकिमीडिया, म्हणजे विकिपीडिया चालवणारी संस्था, तिच्या सर्व प्रकल्पांसाठी आता एकच खाते चालते, आणि इंग्रजी किंवा हिंदी विकिपीडियावर खाते असलेल्या माणसाने प्रवेश केलेल्या स्थितीत मराठी विकिपीडियाचे एखादे पान एकदा जरी उघडले, तरी त्याच्या नावाचे खाते इथे आपोआप तयार होते. त्याला मराठी वाचता येत असेलच असे नाही. म्हणजे हा आकडा काम करणाऱ्यांचा तर नाहीच, पण मुद्दाम नोंदणी करणाऱ्यांचाही नाही. देवळाच्या दारातून आत डोकावून गेलेल्या प्रत्येकाचे नाव विश्वस्तांच्या वहीत लिहावे, तसा तो प्रकार आहे.

दुसरा आकडा बराच बरा, पण त्याची व्याख्या समजून घ्यायला हवी. मागील ३० दिवसांत ज्याने एक तरी कृती केली तो ‘सक्रिय’. सांगकाम्यांची (आपोआप संपादने करणाऱ्या संगणकीय प्रोग्रामांची) संपादने आणि नुसती खाते उघडल्याची नोंद त्यात धरली जात नाही. ही अट इतकी सैल आहे की एका लेखातील एक वेलांटी दुरुस्त करून कायमचा निघून गेलेला माणूसही पुढचे ३० दिवस सक्रियच राहतो. विकिमीडियाच्या आकडेवारीच्या संकेतस्थळावर याहून उपयोगी विभागणी मिळते: महिन्याला १ ते ४, ५ ते २४, २५ ते ९९ आणि १०० किंवा त्याहून जास्त संपादने करणारे. परंपरेने महिन्याला किमान ५ संपादने करणाऱ्यालाच सक्रिय संपादक म्हणतात आणि माझ्या मते आपण हीच रेघ धरावी.

एक सावधगिरी मात्र घ्या. त्याच संकेतस्थळावरचा एकूण संपादनांचा आलेख पाहून कोणाला वाटेल की २०१३ च्या सुमारास लोक मराठी विकिपीडिया सोडून गेले. तसे झालेले नाही. त्यापूर्वी प्रत्येक लेखाच्या तळाशी इतर भाषांतील लेखांचे दुवे लिहिलेले असत आणि ते अद्ययावत ठेवण्यासाठी निरनिराळ्या भाषांतले सांगकामे दिवसरात्र येत-जात असत. मार्च २०१३ मध्ये ते दुवे विकिडेटाकडे (सर्व भाषांच्या विकिपीडियांसाठी असलेल्या सामाईक माहितीसंचाकडे) गेले आणि ही सगळी वर्दळ एकदम थांबली. मी तेव्हा ‘अलीकडील बदल’ उघडून बसलो की आपल्या लिपीतले नाव शोधावे लागे, इतकी यंत्रांची रांग असे. ती गेल्यावर पान ओस पडल्यासारखे वाटले खरे, पण माणसे होती तेवढीच होती.

रानवाट

वही-पेन्सिलीची रीत हवी असेल तर ती वाघ मोजणाऱ्यांकडून घ्यावी. पूर्वी आपल्याकडे पाऊलखुणांवरून वाघ मोजत असत आणि कागदावर आकडा चांगला दिसत असे. २००५ मध्ये राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले तेव्हा त्या मोजणीवरचा विश्वास उडाला. त्यानंतर कॅमेरा-सापळे आले. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, त्यामुळे पहिल्या फेरीत दिसलेला वाघ दुसऱ्या फेरीत पुन्हा दिसला की ओळखता येतो, आणि किती जण पुन्हा दिसले यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधता येतो. २०१८ च्या गणनेत प्रत्यक्ष छायाचित्रांत आलेले वेगवेगळे वाघ २,४६१ होते आणि अंदाज २,९६७ चा निघाला, तो याच तत्त्वाच्या सुधारित रूपांवरून. मूळ कल्पना जुनी आहे: डॅनिश मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन यांनी १८९६ मध्ये माशांना खुणा करून आणि अमेरिकेत लिंकन यांनी १९३० मध्ये बदकांच्या पायांत कडी घालून हाच हिशेब मांडला.

आपल्या बाबतीत सदस्यनाव म्हणजे पट्टे. एका पंधरवड्यात संपादन करणाऱ्यांची नावे लिहा, महिनाभराने दुसऱ्या पंधरवड्याची लिहा आणि दोन्ही याद्यांत असलेली नावे मोजा. समजा, पहिल्या यादीत ४० नावे आली, दुसरीत ३६, आणि दोन्हींत मिळून सामाईक २४ निघाली, तर ४० गुणिले ३६ भागिले २४, म्हणजे सुमारे ६० माणसांचा गोतावळा आहे असे म्हणता येईल. याद्यांत प्रत्यक्ष दिसलेली वेगवेगळी नावे ५२. उरलेली आठ त्या दोन्ही पंधरवड्यांत झुडपाआड होती.

आकडेमोड

वरील रीत सुंदर आहे, परंतु तिच्यामागची गृहीतके सांगितल्याशिवाय ती वापरणे योग्य नाही. प्रत्येक प्राणी सापळ्यात सापडण्याची शक्यता सारखी आहे आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात कोणी आले-गेले नाही, असे ती मानते. विकिपीडियावर ही दोन्ही गृहीतके मोडतात आणि गंमत म्हणजे उलटसुलट दिशांनी मोडतात. रोज संपादन करणारी मंडळी दोन्ही याद्यांत हमखास येतात, त्यामुळे सामाईक आकडा फुगतो आणि अंदाज खऱ्यापेक्षा कमी निघतो. उलट एकदाच येऊन गेलेले लोक पहिल्या यादीत शिरले की सामाईक आकडा त्या मानाने लहान राहतो आणि अंदाज वर जातो. म्हणून दोन्ही याद्यांतून ज्यांची त्या पंधरवड्यात पाचपेक्षा कमी संपादने आहेत अशी नावे वगळावीत. तसे केल्यावर येणारा आकडा सर्वांचा नसेल, नित्य काम करणाऱ्यांचा असेल. प्रश्नकर्त्यांच्या श्रोत्यांना तोच हवा आहे, असा माझा समज आहे.

आणखी एक गोष्ट. इथे वाघांसारखे कोणी अदृश्य नसते, कारण प्रत्येक संपादन नावानिशी नोंदले जाते. न दिसणारे फक्त असे, जे जिवंत आहेत पण या महिन्यात आले नाहीत: परीक्षेच्या काळात गायब होणारे प्राध्यापक, दिवाळीच्या सुटीतच उगवणारे अभियंते. नोंदणी न करता संपादन करणारे मात्र खरोखर मोजता येत नाहीत, कारण एकच माणूस वेगवेगळ्या ओळखींखाली दिसतो. त्यांना या हिशेबातून बाहेर ठेवून तसे स्पष्ट सांगावे.

एकूण वर्दळ मोजायची असेल तर त्याहून सोपी युक्ती आहे. कोणत्याही लेखाची प्रत्येक जतन केलेली आवृत्ती विकिपीडियावर एक अनुक्रमांक घेऊन येते आणि हा क्रमांक लेखागणिक नसून सबंध मराठी विकिपीडियाचा एकच चालत असतो. एखाद्या लेखाच्या बाजूपट्टीतील ‘शाश्वत दुवा’ दाबला की वरच्या पत्त्याच्या शेवटी तो आकडा दिसतो. आज सकाळी नुकत्याच बदललेल्या लेखाचा क्रमांक टिपून ठेवा, पुढील आठवड्यात त्याच वाराला, त्याच वेळी दुसऱ्या ताज्या बदललेल्या लेखाचा टिपा आणि वजाबाकी करा; आठवड्यातील एकूण आवृत्त्या जवळपास हाती येतात. त्यांत सांगकामे आणि पुढे काढून टाकलेली पानेही धरलेली असतात, हे विसरू नये.

अनुक्रमांकावरून आकार ओळखण्याची ही विद्या दुसऱ्या महायुद्धात मोठ्या कामाला आली होती. पकडलेल्या जर्मन रणगाड्यांच्या भागांवरचे क्रमांक वाचून दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी ऑगस्ट १९४२ चे उत्पादन ३२७ असावे असा अंदाज केला, तर हेरखात्याचा अंदाज १,५५० होता; युद्धानंतर जर्मन दप्तरांत आकडा सापडला ३४२. कारखान्यात न जाता नुसत्या क्रमांकांवरून एवढे जमले.

एक विनंती. ‘शंभरांत नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि एकच नित्य लिहितो’ हा २००६ पासून फिरत असलेला ठोकताळा भाषणात उलटा लावून वाचकांची संख्या काढू नका. विकिपीडियावर वाचक आणि संपादक यांच्यातील दरी त्याहून पुष्कळ रुंद आहे आणि पाने किती वेळा पाहिली गेली याचे आकडे वेगळे उपलब्ध असतात.

धूळपाटी

मी एका महाविद्यालयात शिकवते आणि दोन-तीन विकिपीडिया कार्यशाळा घेतल्या आहेत, म्हणून एक अनुभव सांगते. मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने २७ फेब्रुवारीला संगणक प्रयोगशाळेत चाळीस मुले बसवली. सहा जणांची खाती पटापट उघडली आणि सातव्या मुलीच्या पडद्यावर नकार आला. एका इंटरनेट पत्त्यावरून दिवसाला सहाच खाती उघडू देतात आणि त्याहून जास्त हवी असल्यास आधी परवानगी मागावी लागते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. बाकीच्यांनी मोबाइलवरून खाती काढली, सगळ्यांनी आपापल्या धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) स्वतःचे नाव, गाव आणि ‘नमस्कार’ लिहिले, आणि चाळीस जण पुढचा महिनाभर मराठी विकिपीडियाचे ‘सक्रिय सदस्य’ झाले. त्यांतील दोघे अजून लिहितात. एक तर आता माझ्या लेखांतली ऱ्हस्व-दीर्घे सुधारते.

तेव्हा जानेवारीतला भाषा संवर्धन पंधरवडा, फेब्रुवारीचा शेवट आणि नोव्हेंबरातली आशियाई महिन्याची स्पर्धा हे दिवस मोजणीसाठी टाळा. जून किंवा सप्टेंबर घ्या. आणि खरे सांगायचे तर माणसे मोजण्याचा हा सगळा खटाटोप मला थोडा अपुरा वाटतो. एखादी जागा जिवंत आहे की नाही हे मी दोन गोष्टींवरून ठरवते. चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सार्वजनिक चर्चेच्या पानावर, नवख्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर यायला किती वेळ लागला, ही पहिली; कोणी लेखात शिवी लिहून गेले तर द्रुतमाघार (तो बदल एका कळीने मागे घेणे) किती मिनिटांत झाली, ही दुसरी. दोन्ही गोष्टी पानाच्या इतिहासात वेळेसह नोंदलेल्या असतात, दहा-बारा उदाहरणे काढली तरी पुरेत. पन्नास जण लिहीत असले आणि प्रश्नाला आठ दिवस उत्तर नसले, तर नव्या माणसाच्या दृष्टीने तिथे कोणीच नसते.

वाचनालयवाला

सर्वांचा मनापासून आभारी आहे. गेले दोन दिवस रेघांच्या वहीत नावे उतरवत होतो. मागील ३० दिवसांचेच बदल एका पानावर मिळतात, त्यामुळे दुसऱ्या पंधरवड्यासाठी थांबण्याऐवजी तूर्त महिन्याचे पहिले आणि शेवटचे दहा दिवस घेतले. मधल्या काळात फारसे कोणी आले-गेले नसावे, एवढेच गृहीत धरले आहे. पाच संपादनांची चाळणी लावल्यावर यादी इतकी आखूड झाली की दोन पानांवर मावली, आणि तिच्यातील बहुतेक नावे दोन्हीकडे निघाली. एका नावापुढे मी मोठ्या कौतुकाने खुणा करत होतो. मग लक्षात आले की या गृहस्थांनी दहा मिनिटांत साठ पानांवर एकच वर्ग (लेखांच्या गटाचे नाव) बदलला आहे, आणि सदस्य पान उघडल्यावर ते सांगकाम्या निघाले. त्यांना खोडले.

धूळपाटी यांचा मुद्दा मला सर्वांत जास्त पटला आणि माझ्या बाबतीत तो खराही आहे. दोन वर्षांपूर्वी मी एका घाटाच्या लेखात उंची मीटरऐवजी फुटांत लिहिली होती. सकाळी उठेपर्यंत कोणीतरी ती दुरुस्त करून माझ्या चर्चा पानावर स्वागताचा साचा (तयार मजकूर) लावून ठेवला होता. त्या रात्री यादीत किती नावे होती, हे मी पाहिलेच नव्हते. आता भाषणात आधी हा प्रसंग सांगेन आणि मगच आकडे फळ्यावर लिहीन: काही शेकडे केवळ हात लावून गेलेले, आणि त्यांत नित्य काम करणारे किती, हे वहीतून. लाखाचा आकडा लिहिणार नाही. भाषण झाल्यावर वाचनालयाच्या संगणकांवर इच्छुकांना खाते उघडून देण्याचा विचार आहे.

धूळपाटी

सहा जणांपुरते उघडा, सातव्यापासून प्रत्येकाला आपापल्या मोबाइलचे इंटरनेट चालू करायला सांगा. त्या मोबाइलवर वायफाय बंद करायला विसरू नका, नाहीतर मोबाइलही वाचनालयाच्याच इंटरनेट पत्त्यावरून जातात.