अमेरिकेत डेकचा खर्च: मजुरी, माती की नियम?

एडिसनकर: घरामागे तेवढाच लाकडी डेक, म्हणजे घराला जोडलेला उघडा फळ्यांचा ओटा, ह्यूस्टनला स्वस्तात होतो आणि आमच्या न्यू जर्सीत खिसा रिकामा करतो. माझ्या मते फरक मजुरीचा. लाकूड दोन्हीकडे बहुतेक दक्षिणेतल्या पाइनचंच, रसायन मुरवलेलं. न्यूयॉर्कच्या आसपास सुताराचा दर आणि कंत्राटदाराचा विमा चढे, म्हणून कोटेशन चढं.

मिनियापोलिसकर: साफ असहमत. काम किती करायचं हे जमीन ठरवते. आमच्याकडे मिनेसोटात फुटिंग, म्हणजे डेकच्या खांबाखालचा काँक्रीटचा पाया, ४२ इंच खाली न्यावं लागतं, उत्तरेला डुलुथकडे तर ६० इंच. पाया उथळ राहिला की हिवाळ्यात गोठलेली माती त्याला वर ढकलते. घर हलत नाही, डेकचं बाहेरचं टोक उचललं जातं आणि सगळा ताण भिंतीजवळच्या जोडावर येतो. त्यात बर्फाचं वजन, म्हणजे तुळयाही दणकट हव्यात. खोदकामाचे महिने मोजकेच, त्यामुळे वसंत लागला की सगळ्यांना एकदमच कंत्राटदार हवा असतो. खड्ड्यातलं काँक्रीट आणि खोदाई तुम्ही मजुरीत धरताय!

ह्यूस्टनकर: थंडी नाही म्हणून आमची माती सोपी समजू नका. इथली चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, अगदी आपल्याकडच्या काळ्या मातीसारखी. खांब कलतात. शिवाय वाळवी. मजुरी मात्र इथे कमी आहे, तेवढं एडिसनकरांचं बरोबर.

सॅक्रामेंटोकर: नियमांचं कुणीच बोलत नाही. आमच्या कॅलिफोर्नियात वणव्याच्या पट्ट्यात नवं घर बांधताना डेकच्या फळ्याही आगीच्या चाचणीत उतरलेल्या लागतात; हवं ते कॉम्पोझिट (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेली फळी) चालत नाही. कठडाही ४२ इंच, जिथे बऱ्याच राज्यांत ३६ चालतो.

एडिसनकर: नियमांचा मुद्दा पटला, मातीचा अर्धाच. २०२१ च्या मे महिन्यात लाकूड हजार बोर्डफुटांना (बोर्डफूट हे इथलं लाकूड मोजायचं माप) १६०० डॉलरच्या वर गेलं, तेव्हा झळ देशभर बसली. तरी जर्सी महागच राहिली. आणि खोल पाया आम्हालाही खणावा लागतो, साधारण ३ फूट.

मिनियापोलिसकर: मग कोटेशन मागताना फुटिंगचा आकडा वेगळा लिहून घ्या. सगळं मिळून एकच रक्कम देणाऱ्याला मी काम देणार नाही. उंच डेक असेल तर खांब आणि जिन्याचाही वेगळा मागा. ते आकडे इथे टाका, मग मजुरीवर बोलू.